सव्वा मूठ

त्या उन्हाळ्यात आमची कंपनी उत्तर काश्मीरमधल्या एका रिजवर चढली. मी तेव्हा हवालदार होतो, सेक्शन माझ्याकडे होतं. नकाशावर आमच्या पोस्टला नुसता नंबर होता. आम्ही तिला ‘टोपी’ म्हणायचो, कारण खालून पाहिलं की डोंगराने तिरकी टोपी घातल्यासारखी ती दिसे. समोर, नाल्याच्या पलीकडे, त्यांची पोस्ट. वारा आमच्याकडे असला की त्यांची भांडी घासल्याचा आवाज यायचा. आमचीही त्यांना ऐकू जात असणार.

निवृत्तीनंतर मी सुरतेत आलो. हजीऱ्याच्या एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर आहे. इथे लोक मला विचारतात, फौजी, बॉर्डरवर दिवसभर करता काय? त्यांना गोळीबार ऐकायचा असतो. मी सांगतो, पाणी भरतो. झरा पोस्टच्या खाली होता आणि जेरीकॅन पाठीवर घेऊन वर यावं लागे. त्याआधी पहाटे स्टँड-टू. सगळे आपापल्या मोर्च्यात, बोट ट्रिगरच्या शेजारी, उजाडेपर्यंत गप्प. मग चहा, तारेची तपासणी, रेडिओ चेक, वेपन क्लीनिंग, सेंट्री ड्यूटी. बहुतेक दिवस यातच संपतात. हे ऐकून लोकांचा हिरमोड होतो, पण त्याला माझा इलाज नाही.

रविवारी मंदिर परेड. खाली कंपनीत त्यासाठी पंडितजी असतात. वर पोस्टवर आम्ही गोळ्यांच्या रिकाम्या पेटीत देवाची तसबीर ठेवली होती. ज्याचा आवाज बरा असेल तो आरती म्हणे, शेवटी शांतिपाठ होई. पृथ्वी शांत राहो, पाणी शांत राहो. हात जोडून तो म्हणायचा आणि लगेच खाली बसून एलएमजी, आमची हलकी मशीनगन, खोलायची, तेलाचं फडकं फिरवायचं. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. आजही वाटत नाही.

एलएमजी लान्स नाईक भटूकडे होती. भटूचं गाव धुळ्याकडचं, पण घर सुरतेत, गोडादऱ्याला. वडील कापडाच्या लूमवर काम करता करता गेले. आई शेवंतामाय घरी बसून साड्यांवर टिकल्या लावायची, धाकटा भाऊ रावसाहेब लूमवरच लागला होता. भटू बोलायला गोड, खायला दांडगा आणि थट्टेला कुणालाही न सोडणारा. मी परभणीकडचा. माझ्या बोलण्यातला ‘लई’ आणि ‘कामून’ त्याने पाठ करून ठेवले होते, सुभेदार साहेबांपुढेसुद्धा माझी नक्कल करायचा. सगळ्या पलटणीप्रमाणे तोही मला ‘उस्ताद’ म्हणायचा, पण त्याच्या तोंडून ते थोडं चिडवल्यासारखंच वाटे.

समोरच्या पोस्टवर एक माणूस खोकायचा. रोज उजाडताना, आमचं स्टँड-टू संपायच्या सुमारास, लांबलचक, छातीतून येणारा खोकला. भटूने त्याचं नाव खोकलेबुवा ठेवलं.

“उस्ताद, खोकलेबुवा उठले. चहा टाकू का?”

खोकलेबुवाला आम्ही कधी पाहिलं नाही. दुर्बिणीतून काही डोकी दिसायची, त्यातलं त्याचं कोणतं ते कळायला मार्ग नव्हता. पण एखाद्या सकाळी तो खोकला नाही की भटू अस्वस्थ व्हायचा. रजेवर गेला असेल का, आजारी पडला असेल का, त्यांच्याकडे डॉक्टर वर येतो का, अशी चौकशी तो मला करायचा, जसा काही मी त्यांच्या पलटणीत नोकरीला होतो. मी म्हणायचो, लेका, तो दुश्मन आहे. तो म्हणायचा, आहे ना, म्हणून तर लक्ष ठेवतो.

श्रावण लागला. वर श्रावण म्हणजे नुसतं धुकं. एका शनिवारी भटू पिठाच्या पोत्यापाशी बसलेला दिसला. म्हणाला, उद्या आमची कानबाई. मला कानबाई माहीत नव्हती, त्याने सांगितली. खानदेशात श्रावणातल्या रविवारी ही देवी बसवतात, नारळाच्या रूपाने, नथ-डोळे लावून, साडी नेसवून. सोमवारी वाजतगाजत तिला नदीवर नेतात. तिच्या नैवेद्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करतात आणि त्या रोटांसाठी गहू मोजायची रीत आहे. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. नाव घ्यायचं, भरून मूठ घ्यायची आणि वर चिमटीने पाव मूठ. पाळण्यातल्या पोराचीसुद्धा घ्यायची. गेलेल्याची मात्र घ्यायची नाही. मूठ ही जित्या माणसाची, त्याच्या वर्षभराच्या सुखरूपपणाची. आणि हा रोट भावकीतच खायचा. शेजारी कितीही जिवाभावाचा असला तरी त्याला द्यायचा नाही.

“मग इथं कोणाला देणार?” मी विचारलं.

“इथली भावकी तुम्हीच की,” तो म्हणाला.

गहू कुठला असायला, रेशनचं पीठच होतं. त्याने परात पुढे घेतली आणि मोजायला लागला. नाव घ्यायचा, मूठ टाकायचा, चिमूट टाकायचा. माझं नाव घेतलं. पंजाबच्या दोघांचं घेतलं. केरळच्या सिग्नलवाल्याचं घेतलं, तो हसायला लागला तर त्याला दटावलं. खाली बेसला बसलेल्या मेजर साहेबांचंही घेतलं. आम्ही सगळे भोवती उभे होतो आणि आपलं नाव कधी येतं याची वाट बघत होतो. मला खरंच बरं वाटलं होतं. घरापासून इतक्या लांब कुणी आपल्या नावाने पीठ मोजतंय, याचं बरं वाटलं.

सगळे संपले. भटूने आणखी एक मूठ घेतली.

“ही कोणाची?”

“खोकलेबुवाची.”

मी म्हणालो, तुझं डोकं फिरलंय. त्याच्या गोळीने आपल्यातला कोणी गेला तर? तो म्हणाला, गेला तर आपणही त्याला सोडणार नाही, उस्ताद, ते वेगळं. पण रोज सकाळी आवाज ऐकतो तर मोजायचा राहिला असं नको. वर चिमूट टाकायला लागला तेव्हा मी थट्टेने म्हटलं, त्याला सव्वा कशाला, मूठ पुरे झाली.

“अर्धवट मोजलं तर मोजलंच नाही,” तो म्हणाला आणि चिमूट टाकली.

रविवारी रोट झाले. गूळ होता, लाल भोपळा मात्र नव्हता, त्यामुळे भटूच्या मते जेवण अपुरं होतं. आम्ही पोटभर खाल्लं. खोकलेबुवाचा वाटाही आम्हीच खाल्ला.

त्याच आठवड्यात भटू रेशन आणायला खाली गेला, तेव्हा त्याला घरी फोन लावायला मिळाला. गोडादऱ्यात शेजारच्या किराणा दुकानात फोन होता, तिथे शेवंतामायला बोलावून घेत. परत आला तो हसत. आईला म्हणे सांगितलं की आम्हीही रोट केले, सगळ्या सेक्शनने खाल्ले. तर ती भडकली. भावकीबाहेर रोट दिला, देवीचा कोप होईल, एवढा मोठा झालास तरी अक्कल नाही, असं बरंच काही. भटू म्हणाला, खोकलेबुवाची मूठ सांगितली असती तर तिने फोनमधून हात घालून मला बदडलं असतं. बोलता बोलता वेळ संपला आणि फोन कट झाला.

पुढचा प्रकार त्यानंतर थोड्याच दिवसांचा.

दुपारची वेळ. धुकं इतकं की मोर्च्यातून तार दिसत नव्हती. अचानक समोरून फायर सुरू झाला. आमच्या बंकरवर, सरळ, थांबून थांबून नव्हे तर सलग. त्या दिवसांत दोन्ही बाजू बऱ्यापैकी शांत होत्या. धुक्यात, समोरचं काही दिसत नसताना, कोणी उगाच गोळ्या वाया घालवत नाही. असा फायर येतो तेव्हा त्याच्या आडून कोणाला तरी पुढे सोडलेलं असतं.

मी वायरलेस सेट घेतला आणि खाली कंपनीला, म्हणजे टायगरला, बोलावलं.

“टायगर फॉर टोपी. सामने से फायर आ रहा है. ओव्हर.”

“टोपी, नाले में कुछ दिखता है? ओव्हर.”

“धुंद है. कुछ नहीं दिखता. ओव्हर.”

“नाला बंद करो. आउट.”

नाला खाली एका गावात उतरायचा. गावात शाळा होती. आमचा डॉक्टर महिन्यातून एकदा तिथे कॅम्प घ्यायचा आणि भटू मदतीला जायचा, त्यामुळे तिथली पोरं त्याला नावाने ओळखायची. ती दुपारची वेळ शाळा सुटायची होती. हे मी नंतर जुळवून सांगत नाही, नाल्याकडे उतरताना आमच्या सगळ्यांच्या डोक्यात तेच होतं.

नाल्याला एक कोपरासारखं वळण आहे. तिथे भटूने एलएमजी लावली. मी त्याच्या डावीकडे, बाकीचे वरच्या खडकांमागे. वर आमच्या बंकरवर अजून गोळ्या पडत होत्या. इथे मात्र फक्त पाण्याचा आवाज. मग दगड घसरल्याचा आवाज आला, पुन्हा आला आणि धुक्यात माणसांच्या सावल्या दिसल्या.

“थम! कौन आता है?”

उत्तरादाखल गोळ्याच आल्या. भटूने ट्रिगर दाबला. हे सगळं चहाला उकळी यायला लागतो तेवढ्या वेळात आटोपलं. आलेल्यांपैकी एकही वळणाच्या पुढे गेला नाही. एक शेवटपर्यंत खडकाआडून मारत होता. त्याची एक गोळी भटूच्या बगलेखाली, बुलेटप्रूफ जॅकेट जिथे संपतं तिथे लागली. तरी त्याने मॅगझिन बदललं आणि तो माणूस पडेपर्यंत गन सोडली नाही.

मी त्याच्यापाशी पोचलो तेव्हा तो पाठीवर पडला होता. मी फील्ड ड्रेसिंग दाबून धरलं. ते लगेच भिजलं.

“उस्ताद, खाली कोणी गेलं नाही ना?”

“कोणी नाही.”

“बरं,” तो म्हणाला.

एवढंच. हेलिकॉप्टर धुक्यामुळे येऊ शकलं नाही. आम्ही त्याला खांद्यावरून वर आणला, पण वर आणण्याआधीच तो गेला होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताना स्टँड-टूला मी भटूच्या मोर्च्यात उभा होतो. समोरून खोकला आला. तसाच, लांबलचक. मला त्या माणसाचा इतका राग आला की आजवर कुणाचा आला नसेल. तो जिवंत होता, सकाळी उठून खोकत होता आणि भटूची मूठ त्याला लागू पडली होती. आदल्या दिवशीच्या फायरमध्ये त्याची रायफल होती की नव्हती, मला माहीत नाही. असणारच, तोही हुकमाचा ताबेदार. एलएमजीचं तोंड कधी तिकडे वळलं ते मला कळलं नाही. सुभेदार साहेब आदल्या संध्याकाळीच वर आले होते. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, चाय पी ले. मी प्यालो.

काही आठवड्यांनी खोकला ऐकू येईनासा झाला. पहिल्या दिवशी मला समाधान वाटलं. मग दोन-तीन दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मी कान देऊन बसतोय, आणि रजेवर गेला असेल, असं स्वतःला सांगतोय. भटूची सवय मला लागली होती. खोकलेबुवा पुन्हा ऐकू आला नाही. आमची पलटणही नंतर खाली उतरली.

रजा मिळाल्यावर भटूची ट्रंक घेऊन मी पहिल्यांदा सुरतेत आलो. शेवंतामायने ट्रंक उघडली नाही. तिने मला जेवायला वाढलं आणि एकच विचारलं, तो उपाशी होता का. मी सांगितलं की सकाळी खिचडी खाल्ली होती, दोनदा घेतली होती. ते खरं होतं. तिने मान हलवली आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला. नंतर दर रजेत मी एक दिवस तिच्याकडे काढायचो. निवृत्तीनंतर नोकरी सुरतेत मिळाली तेव्हा तिनेच जवळची खोली बघून दिली. माझी बायको म्हणते, तुम्हाला सासर परभणीत आणि माहेर गोडादऱ्यात. ते खोटं नाही.

गौरव हा रावसाहेबाचा मुलगा. भटू गेला तेव्हा तो रांगत होता. इथेच वाढला, घरात अहिराणी, मित्रांत गुजराती, शाळेत हिंदी. भरतीसाठी पहाटे माझ्याबरोबर पळायला यायचा. मी त्याला भरतीला जा म्हटलं नाही, जाऊ नको असंही म्हटलं नाही. पळताना श्वास कसा घ्यायचा तेवढं शिकवलं. तो लागला, आणि यंदा त्याची पलटण बॉर्डरवर आहे.

यंदा श्रावणाच्या तोंडावर सीमेवरचं वातावरण तापलं. ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं आहे, मी काय सांगू. आमच्या कारखान्यात भोंग्याची चाचणी झाली, शहरात दिवे घालवायची तालीम झाली. गौरवचे फोन बंद झाले. पलटणीत मोबाईल जमा केले असतील, हे मला माहीत आहे, पण घरच्या लोकांना ते कळतं आणि पटत नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी आहे. तिथे रोज लढाई व्हायची. टपरीवाला काठियावाडी, माणूस चांगला. तो मला म्हणायचा, “फौजीभाई, आ वखते तो पूरू करी नाखवानू.” यावेळी कायमचा निकाल लावायचा. बाकीचे माना डोलवायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी कप खाली ठेवून म्हणायचो, चहात साखर जास्त झालीय. एकदा एक शिकलेला मुलगा मला म्हणाला, काका, युद्ध वाईटच, कोणत्याही कारणाने वाईट. त्यालाही मला हो म्हणता आलं नाही. नाल्याचं ते वळण मला दिसत होतं आणि खालची शाळा दिसत होती. त्या दुपारी आलेली ऑर्डर मी आजही तशीच पाळीन. आणि रोज सकाळी देवापुढे हात जोडतो तेव्हा मागतो की गौरवला अशी ऑर्डर घ्यायची वेळ येऊ नये. दोन्ही खरं आहे. टपरीवर एवढं ऐकायला कोणाला सवड नसते.

कानबाईच्या आधीच्या आठवड्यात शेवंतामायने मला बोलावलं. ती आता थकली आहे, टिकल्या लावायचं काम डोळ्यांनी केव्हाच सोडवलं. ओट्यावर सुपात गहू घेऊन निवडत बसली होती. मी जवळ बसलो. सून चहा देऊन आत गेली.

“भाऊ, येक इचारस. खरं सांगजो.”

“विचार की, माय.”

“त्या साल भटूनी रोट कोनले कोनले दिधा व्हता?”

मग तिने सांगितलं ते मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. भटू गेल्यापासून त्या घरात कानबाई बसलीच नव्हती. मला वाटायचं, दुःखामुळे बसवत नसतील. तसं नव्हतं. भटूने भावकीबाहेर रोट दिला, देवी रागावली आणि त्याला घेऊन गेली, असं तिच्या मनाने घेतलं होतं. आणि फोनवरचं आपलं लेकाशी शेवटचं बोलणं म्हणजे शिव्या होत्या, हे ती विसरली नव्हती. आता गौरव तिथे होता. देवीसमोर जायचं होतं आणि जायची भीती वाटत होती.

“आनि मी काय मांगू तिले?” ती म्हणाली. “लढाई व्हवाले नको म्हनू, त मना भटू कसाले गया? व्हवू दे म्हनू, त गौरव तठे शे.”

सुपातला एक खडा उचलून मी बाहेर टाकला. मग ठरवलं की तिला सगळं सांगायचं. परातीपासून सांगितलं. कोणाकोणाचं नाव घेतलं, केरळचा सिग्नलवाला कसा हसला, लाल भोपळा नव्हता म्हणून भटू कसा कुरकुरला. ती ऐकत होती, भोपळ्याचं ऐकून थोडी हसलीही. मग शेवटच्या मुठीचं सांगितलं. समोरचा खोकणारा माणूस, त्याचं नाव, त्याची सव्वा मूठ.

तिचा सुपातला हात थांबला. मला वाटलं, चुकलं. आता ही म्हणेल, भावकीबाहेर दिला तो दिला, वर दुश्मनाला दिला, आणि उरलं आयुष्य तेच धरून बसेल.

“फोनवर त्याने तुला ही मूठ सांगितलीच नाही,” मी म्हणालो. “वर आला तेव्हा हसतच होता, माय. तुझ्या शिव्या आम्हाला नक्कल करून दाखवत होता. रागावला नव्हता. आणि देवीचं म्हणशील, तर आम्ही रोट खाल्लेले सगळे त्या दिवशी नाल्यात होतो. आमच्यातला दुसरा कोणी गेला नाही. खालच्या गावातलं एक पोरगं दुखावलं नाही. नाल्यातून आलेल्यांना अडवायचंच होतं, भटूने अडवलं. त्याने लढाई मागितली नव्हती. समोर आली तेव्हा तो हटला नाही. तू लढाई होऊ नये असंच माग. भटू असता तर त्यानेही तेच मागितलं असतं. आणि झालीच, तर गौरव त्याचं काम करेल.”

इतकं मी सहसा बोलत नाही.

“तो खोकलनारा,” तिने विचारलं, “भटू गया त्याना बादबी जित्ता व्हता?”

“दुसऱ्या दिवशी सकाळी खोकला मी ऐकला. नंतर तो तिथून गेला. कुठे गेला, माहीत नाही.”

“म्हंजे व्हई कोठेतरी.”

“असेल, माय.”

ती पुन्हा गहू निवडायला लागली. मी उठलो तेव्हा म्हणाली, शनिवारी गहू मोजायचे आहेत, लवकर ये.

शनिवारी मी ड्यूटी बदलून घेतली. रावसाहेबही खाडा करून घरी होता. भिंतीपाशी पाट मांडला होता, वरच्या खुंटीला भटूचा वर्दीतला फोटो. शेवंतामाय परातीसमोर बसली. तिच्या चुलत दिरांची घरं बमरोलीला आहेत, तेही आले होते. गौरवचा फोन अजून बंदच होता.

तिने मोजायला सुरुवात केली. मोठ्या दिराचं नाव, मूठ, चिमूट. त्याच्या मुलांची नावं. रावसाहेबाचं. गौरवचं नाव घेतलं आणि मूठ भरून घेतली, सांडेपर्यंत. तिचा हात आता लहान झालाय, हाडं वर आलीत, म्हणून ती मूठ सावकाश आणि घट्ट भरत होती.

मग तिने माझ्याकडे पाहिलं.

“बालाजी,” ती म्हणाली. इतक्या वर्षांत माझं नाव तिने पहिल्यांदा घेतलं. मूठ परातीत पडली, वर चिमूट पडली. मोठ्या दिराने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी खाली बघत राहिलो. डोंगरावर एकदा आणि सुरतेत एकदा, माझ्या नावाने कुणी धान्य मोजलं ते या एकाच घराने.

सगळी नावं झाली. सून परात उचलायला पुढे आली. शेवंतामायने हाताने थांब म्हटलं. तिने वर भटूच्या फोटोकडे पाहिलं.

“त्यानी मूठ लेता येत नही,” ती म्हणाली. “गयेल मानूसनी लेतस नही. पन त्यानी जेनी लिधी व्हती, तो जित्ता व्हई.”

तिने पोत्यात हात घातला आणि मूठ भरून परातीत सोडली. कोणी विचारलं नाही, ही कोणाची. रावसाहेबाला मी आदल्या दिवशी सांगितलं होतं, तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी तिच्या हाताकडे बघत होतो. मला भटूची परात दिसत होती, तेलाने काळी झालेली त्याची बोटं दिसत होती.

शेवंतामायचा हात पुन्हा पोत्यात गेला. तिने चिमूटभर गहू घेतले आणि त्या मुठीवर टाकले. सव्वा पुरी झाली.